तीन स्थळं, तिन्ही अमेरिकेची

सटवाई बाळाच्या कपाळावर जे काही लिहून जाते, ते लिहिण्याआधी तिनं आमच्या सांगलीच्या मावसभावाचा सल्ला घ्यायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. अमुक होईल किंवा होणार नाही असं छातीठोक सांगणारे ज्योतिषी आमच्या साताऱ्यात पैशाला पासरी मिळतात. पण होण्याची शक्यता किती, न होण्याची किती, हे तोलून, पुन्हा तोलून, मग तराजूच खोटा असण्याची शक्यताही तोलणारा माणूस मी एकच पाहिला. एस.टी. वेळेवर सुटेल का, मावशीच्या आमटीत आज मीठ पडलं असेल का, शेजारचे आजोबा हा उन्हाळा काढतील का, सगळ्याला त्याच्याकडे टक्के तयार. त्याच्या हिशेबानं ते आजोबा आतापर्यंत तीन-चारदा गेले असते. प्रत्यक्षात ते रोज सकाळी कृष्णेत पोहतात आणि येताना याला पाहिलं की मुद्दाम मोठ्यानं खाकरतात.

मी त्याला दादा म्हणते. मावशीचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. सांगलीतच इंजिनिअर झाला, पहिल्या वर्गात झाला, आणि पेढे वाटता वाटताच त्यानं जाहीर करून टाकलं की पुढचं शिक्षण अमेरिकेत. काकांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, बाजारात हळदीची अडत आहे. काकांनी पेढा खाल्ला, बोटं उपरण्याला पुसली आणि म्हणाले, "एक वर्ष. यंदा जमलं तर अमेरिका. नाही जमलं तर पेढीवर." काकांची वाक्यं अशीच असतात. त्यात मोलभावाला जागा नसते, कारण तो त्यांनी दिवसभर बाजारात करून झालेला असतो. दादाला पेढीचं अगदी वावडं होतं असं नाही. पण हळदीच्या धुळीनं पिवळ्या झालेल्या भिंतींकडे तो ज्या नजरेनं बघायचा, ती मला ओळखीची होती. पाहुणे मला बघायला यायचे तेव्हा मी बैठकीच्या दाराकडे तशीच बघायचे.

अमेरिकेत म्हणे शेकड्यांनी विद्यापीठं आहेत. त्यांतली नेमकी तीन त्यानं निवडली, आणि तीही अशी, की जिथून खुद्द अमेरिकेतल्या पोरांना दारातूनच परत पाठवतात. त्यांची नावं मावशीच्या जिभेवर बसेनात. 'स्' आणि 'ट' एकत्र आले की ती मधे एक 'इ' घालून घ्यायची, आणि तरीही शेवटाला पोचायची नाही. म्हणून तिनं त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं अशी घरगुती नावं ठेवली. त्याच वर्षी साताऱ्याला माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आईची पत्रं दर आठवड्याला सांगलीला जायची, त्यामुळे मावशीच्या डोक्यात ही दोन्ही प्रकरणं एकाच फडताळात जाऊन बसली. थोड्याच दिवसांत "थोरलं स्थळ फार वरचं आहे हो, आपल्याला झेपायचं नाही," "धाकट्याकडचं अजून काही कळलं नाही बाई," अशी वाक्यं त्या घरातून ऐकू येऊ लागली. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, "घरजावई करून घेणार आहेत का हो? मुलगी गोरीच असेल, पण स्वयंपाकाचं काय?" मावशीनं त्यांना दीड तास समजावलं. जाताना त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. दोघं सुखात राहू देत म्हणजे झालं."

या कार्यात माझी भूमिका इंग्रजीची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि मी फारशी बोलत नसल्यामुळे माझं इंग्रजी फारच उत्तम असणार, असा सगळ्या नातेवाइकांचा समज. दादा मला 'मडम' म्हणायचा. सुट्टी लागली की साताऱ्याहून मला पाचारण व्हायचं आणि माझ्यापुढे त्याच्या अर्जाचे मसुदे ठेवले जायचे. आपल्याला अमेरिकेत का शिकायचं आहे, हे एका पानात लिहायचं होतं. दादाची सुरुवात अशी: सविनय सादर वंदन करून विनंतीपूर्वक अर्ज करतो की. एवढं सगळं इंग्रजीत, आणि खाली कुलगुरूंना दीर्घायुष्य चिंतणारी एक ओळ.

"दादा, हे सगळं काढ," मी म्हणाले. "शिपायाच्या नोकरीचा अर्ज वाटतोय."

"दीर्घायुष्य काढतो. नम्रता राहू दे."

"तिकडे असं लिहीत नाहीत."

"मग तर राहूच दे. बाकी कुणी लिहिणार नाही, म्हणजे नम्र अर्जदार मी एकटाच. शक्यता वाढते की नाही, सांग!"

इंग्रजी शब्दसंग्रहाचीही एक परीक्षा होती. तिच्यासाठी त्यानं रोज नवे शब्द पाठ करायचा सपाटा लावला, आणि पाठ केलेला शब्द त्याच दिवशी वापरला नाही तर तो विटतो, अशी त्याची समजूत होती. एका सकाळी दूध घालायला आलेल्या गवळ्याला तो म्हणाला, "तुम्ही पर्फिडिअस आहात."

गवळ्यानं कासंडी खाली ठेवली. "आवं मावशी, ह्ये तुमचं पोरगं मला काय म्हनतंय बगा की! शिवी हाय का ही?"

"शिवी नव्हे हो. विश्वासघातकी," दादानं अर्थ सांगितला.

"मग मराठीत बोला की गड्या, आमाला बी कळू द्या! दूध पातळ हाय व्हय? म्हशीनं पानी लय पिलं, त्याला मी काय करू?"

पुढे महिनाभर त्या घरात दूध खरोखरच पातळ येत होतं. दादाच्या मते हे विश्वासघाताचं नवं उदाहरण. मावशीच्या मते दादाच्या जिभेचं.

त्याचा मुख्य सिद्धांत मात्र सांगलीबद्दल होता. अमेरिकेतल्या लोकांना सगळ्या प्रकारची माणसं हवी असतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. त्यावरून त्यानं अनुमान काढलं की मुंबई, मद्रास, दिल्ली यांचे नमुने त्यांच्याकडे आता ढिगानं झाले असणार. "पण सांगलीचा एकही नाही, मडम! ताटात सगळं वाढलंय आणि डावीकडे चटणीच नाही, असं झालंय त्यांचं." आपण ती चटणी आहोत याविषयी त्याला शंका नव्हती. काही आठवडे तो या आनंदात होता, आणि मग बातमी आली की मिरजेचा एक मुलगाही परदेशी अर्ज करतोय. दादाचं जेवण सुटलं. सांगलीकरांना मिरज किती लांब आहे ते माहीत असतं, आणि मिरजकरांना तर फारच. पण तिकडच्यांच्या नकाशावर दोन्ही गावं एकाच ठिपक्याखाली जाणार, ही भीती त्याला पोखरू लागली. शेवटी सायकल मारत तो मिरजेला गेला आणि कुठल्याशा ओळखीच्या ओळखीनं त्या मुलाच्या घरी चहा पिऊन आला. मुलाला जर्मनीला जायचं होतं. परत येताना दादानं गणपतीपुढे नारळ फोडला, आणि घरी येऊन म्हणाला, "चांगला मुलगा आहे. उगाच मिरजेत जन्मला."

या सगळ्यातून त्याची शक्यता किती ठरते, हे मात्र तो कधी मोठ्यानं सांगत नसे. हळदीच्या बाजारातली एक जुनी रीत त्यानं उचलली होती. तिथे व्यापारी आणि अडत्या एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूला माणसांची गर्दी असते, पण आकडा कुणाला कळत नाही. दादा म्हणायचा, भाव आणि शक्यता, दोन्ही उघड बोलली की पडतात. म्हणून मी विचारलं की तो खांद्यावरचा पंचा आमच्या हातांवर टाकायचा आणि गंभीरपणे माझी बोटं दाबायचा. मला त्या दाबण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण त्याला तसं सांगणं जिवावर यायचं, म्हणून मी "बापरे!" एवढंच म्हणायचे. त्यावर तो खूश व्हायचा. एकदा मावशीनं हे पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, तिचे हात सोड, पोळ्या लाटायच्यात तिला."

कॉलेजमधल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रंही लागायची. त्यांतले एक प्राध्यापक फार सज्जन गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर दाखले दिलेले. त्यांनी दादाविषयी मनापासून, आपल्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं की माझ्या माहितीप्रमाणे सदर विद्यार्थ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. याहून मोठी स्तुती त्यांच्या शब्दकोशातच नव्हती. "अमेरिकेला वाटेल, तू नुकताच सुटून आलायस," मी म्हणाले. दादा पुन्हा त्यांच्याकडे गेला आणि जरा सढळ हातानं लिहा म्हणून विनवलं. त्यांनी खूप विचार केला आणि एक शब्द वाढवला. आता पत्रात होतं: आजपर्यंत कोणतीही तक्रार नाही.

लिफाफे निघाले त्या दिवशी मावशीनं तिन्हींच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, लग्नपत्रिकेला लावतात तसं. दादा ओरडला, मग खोडरबर घेऊन बसला, आणि त्यामुळे कोपऱ्यांना जे डाग पडले ते पाहून मावशी म्हणाली, "आधी बरं दिसत होतं." कुंकू लागलेल्या लिफाफ्याची शक्यता किती वाढते आणि डागाळलेल्याची किती घटते, यावर पोस्टापर्यंत चालत जाताना त्यानं मला स्वतंत्र व्याख्यान दिलं.

पहिला नकार धाकट्याकडून आला, दुसरा मधल्याकडून. दोन्ही पत्रं इतकी गोड होती की मावशीला वाटलं जमलंच. दादानं मात्र ती बरोबर वाचली, कारण त्याला माझी उदाहरणं ठाऊक होती. कऱ्हाडचं एक स्थळ मला बघून गेलं होतं, आणि पंधरा दिवसांनी 'मुलगी उत्तम आहे, पण पत्रिका जुळत नाही' असं त्यांचं पत्र आलं होतं. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. "हे बघ," दादा म्हणाला, "लायक अर्जदार फार आहेत आणि जागा थोड्या, असं लिहिलंय. ही त्यांची पत्रिका. तुझी काय आणि माझी काय, कुठंच जुळत नाही." आम्ही दोघं खूप हसलो. काका पेढीवरून आले, त्यांनी आम्हाला हसताना पाहिलं आणि हातपाय धुवायला गेले.

उरलं थोरलं. त्याची आशा कुणीच धरली नव्हती. मी साताऱ्याला परतले, परीक्षेला बसले, आणि मे महिन्यात पुन्हा सांगलीला गेले तेव्हा मावशीनं दारातच माझे दोन्ही हात धरले. "थोरल्यानं अजून नाही म्हटलेलं नाही!"

पत्र देव्हाऱ्यात होतं, बाळकृष्णाच्या पाठीशी. मी वाचलं. सध्या सगळ्या जागा भरल्या आहेत, पण एखादी रिकामी झाल्यास ज्यांचा विचार होईल त्या यादीत आपण आहात. आपली तशी इच्छा असल्यास सोबतचं कार्ड सही करून पाठवावं. कार्डही तिथेच होतं. त्यावर अक्षता होत्या. सही नव्हती.

"दादा, हे कार्ड?"

"ते असंच असतं गं. रीत म्हणून."

"पाठवायचं होतं हे!"

काका झोपाळ्यावर होते. "इच्छा आहे का, म्हणून विचारतात," ते म्हणाले. "मग अर्ज काय गंमत म्हणून केला होता? दोनदा हो म्हणायचं नसतं. गरज दिसली की भाव पडतो."

आणि दादा, पहिल्या वर्गातला इंजिनिअर, शब्दसंग्रहाची परीक्षा दिलेला, मला समजावू लागला. "असं बघ मडम. आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो. आता त्याला कुणी 'लोभ आहे' असं उलट टपाली कळवतं का? परत हो म्हटलं तर त्यांना वाटेल याला दुसरं कुणी विचारत नाही. मी सगळं तोललंय. गप्प राहण्यात शक्यता जास्त आहे."

मी त्या घरात कधी कुणाला उलट बोलले नव्हते. पण शाळेत मला एवढं एक पक्कं शिकवलं होतं, की इंग्रजीत ज्या ओळीत तारीख असते ती ओळ लोभाची नसते. मी त्याला ती ओळ दाखवली. अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर आपल्याला इच्छा नाही असं समजण्यात येईल. तारीख होऊन गेली होती. दादानं ती ओळ वाचली. मग पत्राची मागची बाजू पाहिली, जणू तिथं दुसरी एखादी तारीख असेल. "मला वाटलं, हेही नम्रतेचंच आहे," तो म्हणाला.

आम्ही दोघं तारऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं दादाचा चेहरा पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," दादा म्हणाला. "मीच जायचा प्रयत्न करतोय."

तारेचा मजकूर मी लिहिला: माझी इच्छा आहे, कार्डाला उशीर झाला, क्षमस्व. दादानं वाचून पाहिला. एरवी त्यानं त्यात किमान सविनय तरी घातलं असतं. या वेळी त्यानं काहीच घातलं नाही.

उत्तर आलं तेव्हा मी अजून सांगलीतच होते. आपल्याकडून काही न कळल्यामुळे आपलं नाव यादीतून काढण्यात आलं. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. आपल्याला सुयश चिंतितो. दादानं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशीनं विचारलं, "म्हणजे काय रे?"

"म्हणजे दुसरीकडे जमवलं त्यांनी."

"एवढ्यात?"

"किती थांबतील? आपण हो-नाही काहीच कळवलं नाही."

काका झोपाळ्यावरून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते माझ्याशी थेट असे फारसे बोलत नसत. "तू लिही त्यांना इंग्रजीतून," ते म्हणाले. "चूक बापाची होती म्हणावं. पोरगा कार्ड पाठवत होता, बापानं अडवलं. आमची इच्छा आहे. फार इच्छा आहे, असं लिही."

"अप्पा, असं लिहीत नसतात," दादा म्हणाला.

"का नसतात? लिहू दे तिला."

मी लिहिलं. एकही शब्द कमी केला नाही. काकांनी खाली मराठीत सही केली, पेढीच्या पावत्यांवर करतात तशी लांबलचक, आणि पत्र स्वतः पोस्टात टाकून आले. त्या पत्राला उत्तर आलं नाही. दादा पेढीवर जाऊ लागला. काका म्हणाले, आणखी एक वर्ष घे हवं तर, पुन्हा अर्ज कर. दादा म्हणाला, एवढा हंगाम होऊ दे. मग पुढचा हंगाम आला. हळदीचा धंदा त्याला चांगला जमला. हळकुंड मोडून आतला रंग बघताना तो जीभ किंचित बाहेर काढतो, अगदी काकांसारखी. माझंही पुढे काही जुळलं नाही, आणि मी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. सुट्टी लागली की अजूनही सांगलीला जाते. आता बोलावणं यावं लागत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्याकडे मुलं येऊ लागली आहेत. कुणाला तरी कळलं की या माणसाला अमेरिकेचे अर्ज कसे करतात ते माहीत आहे. पेढीवर पोत्यांच्या राशीत बसून तो त्यांचे मसुदे वाचतो. "हे काय लिहिलंयस, कुलगुरूंना दीर्घायुष्य? काढ!" असं ओरडतो. शक्यता विचारली तर सांगत नाही. तिकडून कागदाचा चिटोरा जरी आला तरी आधी त्याला उत्तर धाड आणि मग माझ्याकडे ये, एवढंच बजावतो.

परवा त्यांतला पहिला मुलगा निघाला. तासगावकडचा, वडील फौजेतून निवृत्त झालेले. दुपारच्या गाडीनं तो मुंबईला जाणार होता, म्हणून दादाबरोबर मीही स्टेशनवर गेले. निम्मं गाव लोटलं होतं, हार एवढे की मुलाचं तोंड दिसेना. त्याच्या वडिलांनी दादाचा हात धरला आणि सोडेनात. "लय उपकार झालं तुमचं, साहेब. तुमी नसता तर आमाला कुटलं कळतंय?"

"अहो, मी काय केलं," दादा म्हणाला. "आधी गाडीत बसवा त्याला, नाहीतर इथंच राहायचा."

गाडी हलली, लोक ओरडले, रडले, आणि हळूहळू फाटकाकडे निघून गेले. दादा तिथेच रुळांकडे बघत उभा राहिला. त्याच्या सदऱ्यावर हळदीची धूळ होती. मग त्यानं विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील गं?"

मी बोटांवर मोजलं. घड्याळाचे नेमके किती तास वजा करायचे, यात माझा नेहमी गोंधळ होतो. "सकाळ असेल," मी म्हणाले. "दहा-साडेदहा."

मी चुकले होते, हे मला घरी आल्यावर कळलं. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्याला ते तिथेच कळलं असणार.

"असेल," तो म्हणाला. "मग कॉलेज भरलं असेल."